ब्लड कॅन्सर वॉर्ड आणि पुरवठा विभागाची खिडकी

रेसिडेन्सी संपली, परीक्षा झाली, डिग्री हातात आली, तरी एका तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागाचा राग काही डोक्यातून जात नाही. तालुका कुठला ते लिहीत नाही. नवे जेआर, म्हणजे ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, मला मेसेज करतात, "मॅडम, हिमॅटला (रक्तविकाराच्या वॉर्डात) पोस्टिंग लागलंय, काय वाचून येऊ?" वाचायचं ते तुम्ही वाचालच, सिनियर वाचून घेतीलच. मी तुम्हाला रेशन कार्डाबद्दल सांगते.

आमचं हॉस्पिटल कापूस-तुरीच्या मुलखातलं. नागपूर लांब, मुंबई तर त्याहून लांब. मेडिसिन विभागातच रक्ताच्या कॅन्सरच्या पेशंटसाठी एक वॉर्ड वेगळा काढलेला. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडची माणसं यायची, कधी पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादहूनही. पहाटे उठून रक्त काढायचं, राऊंडच्या आधी काऊंट मिळवायचे, बोन मॅरोची तपासणी करायची, पाठीतून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध द्यायचं, रात्री ब्लड बँकेशी भांडायचं. हात आठवडाभरात बसतो. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही.

एक मात्र लिहिते, कारण त्यात जीव जातो. व्हिन्क्रिस्टिन हे केमोचं औषध शिरेतूनच. पाठीतल्या इंजेक्शनच्या ट्रेमध्ये ते दिसता कामा नये. ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत द्या. पिशवी कोणी पाठीत टोचत नाही. मणक्यात गेलं तर पेशंट वाचत नाही, हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत असायला हवं.

आता मुद्दा.

मे महिना होता. एक विशीतली मुलगी आली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पाळी थांबत नव्हती, हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर काळेनिळे डाग. गावाकडे लोहाच्या गोळ्या देऊन झाल्या होत्या. प्लेटलेट अकरा हजार, पांढऱ्या पेशी कमी, रक्त गोठण्याच्या तपासण्या बिघडलेल्या. रक्ताची स्मिअर आमच्या लेक्चरर सरांनी पाहिली आणि मला बोलावून मायक्रोस्कोपच्या आयपीसवर डोळा लावायला लावला. पेशींच्या पोटात लाल काड्या, पऱ्हाटीची मोळी बांधून ठेवावी तशा. एपीएल, म्हणजे ॲक्युट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. पूर्वी याला एम-थ्री म्हणायचे.

हा आजार उलट्या स्वभावाचा आहे. पहिल्या काही दिवसांत मेंदूत नाहीतर फुप्फुसात रक्तस्राव होऊन माणूस जातो. तेवढे दिवस निघाले आणि औषध नीट झालं, तर सगळ्यात जास्त बऱ्या होणाऱ्या ब्लड कॅन्सरांपैकी हा एक. औषधंही चमत्कारिक. एक ॲट्रा, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुळातल्या कॅप्सूल, आणि दुसरं आर्सेनिक. ॲट्रा संशयावरच सुरू करायची, जनुकाचा रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. (बाईमाणूस असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. हे औषध गर्भाला घातक आहे.)

तेव्हा आम्ही थांबलो नाही. काही कॅप्सूल वॉर्डाच्या गरीब रुग्ण निधीतून, काही सरांच्या खिशातून. नागपूरला गंजीपेठेच्या दवाबाजारात एका इंटर्नला पाठवून त्याच रात्री आणवल्या. पण अशी उसनवारी किती दिवस चालणार? ॲट्रा, रोजचं आर्सेनिकचं सलाईन, प्लाझ्मा, रक्त गोठवणारे घटक असलेलं क्रायो, प्लेटलेट, अँटिबायोटिक, आणि पुढे सात-आठ महिने उपचार. नवरा बटईनं शेती करणारा. सरकारी योजनेशिवाय मार्ग नव्हता.

महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत मोफत उपचारांची मर्यादा आधी कुटुंबामागे 1.5 लाख होती, ती वाढून 5 लाख झाली. ल्युकेमिया त्यात बसतो. योजनेचं काम बघणाऱ्या आमच्या आरोग्यमित्राचा डेस्क ओपीडीच्या दाराशीच. त्यानं नवऱ्याकडून रेशन कार्ड घेतलं, बारा अंकी नंबर टाकला. कार्डावर सासू, सासरा, नवरा, दीर. मुलीचं नाव नाही.

सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मॅडमजी, लग्नात तिच्या बापानं तिकडून नाव कटवून देल्लं. आमच्या कार्डावर चढवाचं राह्यलं."

माहेरी कापलं, सासरी चढलं नाही. सरकारच्या लेखी पोरगी कोणाच्याच घरात जेवत नव्हती. तातडीच्या पेशंटसाठी आधी फोनवर कळवून कागद मागाहून द्यायची सोय आहे, ती आम्ही वापरली. पण मागाहून का होईना, कागद द्यावाच लागतो. नवरा दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तालुक्याला गेला.

खिडकी अकराला उघडली. अर्ज दिला. लग्नाचा दाखला हवा म्हणाले. तो ग्रामपंचायतीतून आणला. मग माहेरचा नाव कमी केल्याचा दाखला हवा. तो होता, सासूनं पिशवीत जपून ठेवला होता. तो झेरॉक्स नको, मूळ प्रत हवी. मूळ प्रत दिली, तर त्यावरची तारीख पुसट आहे. मग सर्व्हर बंद. मग साहेब जिल्ह्याला मीटिंगला. मग साहेब आले, पण लॉगिन ज्यांच्याकडे ते रजेवर. नवरा संध्याकाळी वॉर्डाच्या बाहेर बाकावर बसून सांगायचा, "बाबू म्हन्ते, उद्या ये." रोज तेच. बायकोला एकीकडे रक्त चढतंय आणि हा रोज नव्या कागदाची झेरॉक्स काढून येतोय.

शेवटी मी हॉस्पिटलच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं, सरांची सही, शिक्का. आजार जीवघेणा आहे, उपचार तातडीचे आहेत, कृपया नाव समाविष्ट करावं. पत्र घेऊन तो गेला आणि खिडकीवरून त्यानं मला फोन लावून दिला. राऊंड चालू होता, मी व्हरांड्यात गेले. पलीकडून अगदी शांत आवाज, "मॅडम, ई-केवायसी बाकी आहे. पेशंटला घेऊन या. अंगठा लागतो."

मी म्हटलं, "तिला बेडवरून खाली उतरवलं तरी धोका आहे. प्लेटलेट अकरा हजार आहेत."

"मग बऱ्या झाल्यावर या."

मी फोन ठेवला नाही, तिथेच उभी राहिले. त्या माणसाच्या आवाजात राग नव्हता, कंटाळासुद्धा नव्हता. खरं तर तेच डोक्यात जातं. चिडला असता तर दोन शब्द मीही बोलले असते. त्याला काम नको होतं असंही नाही. त्याच्यासमोर एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पडदा पुढे जात नव्हता.

त्यानंतर मी वरचा रस्ता धरला. पत्र थेट तहसीलदारांच्या नावे, प्रत जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना, विषयाच्या ओळीत "रुग्णाच्या जीवितास धोका", आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय नवऱ्यानं तिथून हलायचं नाही. हे करा. आवक क्रमांकाशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. तहसीलदारांनी फाईल मागवली, अर्ज सिस्टीममध्ये चढवायला सांगितला, आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. नाव चढेना, कारण मुलीचं आधार आधीच दुसऱ्या कार्डाला जोडलेलं होतं.

दुसरं कार्ड कुठलं? बापाचं.

म्हणजे माहेरच्या तालुक्यात दाखला दिला होता, कार्डावर लाल पेनानं नाव खोडलं होतं, पण ऑनलाइन नाव कापायचं कोणी केलंच नव्हतं. पोरगी सगळा वेळ बापाच्या कार्डावरच होती. सासरच्या तालुक्यातला तो बाबू जो पडदा इतके दिवस बघत होता, त्यावर आधार नंबर टाकला असता तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. एका ओळीचं उत्तर होतं, "तिच्या वडिलांचं कार्ड वापरा." ते सोडून आम्हाला लग्नाचा दाखला, अंगठा आणि पुसट तारीख मिळाली.

वडील त्याच दिवशी पोचले, केशरी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. आरोग्यमित्रानं नंबर टाकला. नाव आलं. आधारही माहेरच्याच नावाचं, तेव्हा तेही जुळलं. लाल रेघेवरून एक क्वेरी आली, ती रास्तच होती. ऑनलाइन कार्डाची प्रिंट आणि वडिलांचं अर्जवजा पत्र जोडलं आणि मंजुरी आली. आरोग्यमित्र डेस्कवरून ओरडला, "मॅडम, अप्रूव्ह!" सिस्टरनं आर्सेनिकचा इंडेंट आधीच भरून ठेवला होता.

तर पेशंट नवविवाहित असेल तर भरती करतानाच दोन्ही घरची कार्डं मागवा, दोन्हीचे बारा अंकी नंबर ऑनलाइन तपासा, आणि कार्डावरच्या खोडलेल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. आणि लग्नघरातल्या लोकांना सांगा, माहेरी नाव कापायची घाई नको, सासरी चढायची तयारी झाल्यावरच कापा.

आर्सेनिक म्हटल्यावर सासरे बिथरले होते, ते मध्येच आठवलं. "विष देता काय पोरीले?" 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, त्यांच्या ओळखीतलाच एक त्यात होता. अशा घरात "थोड्या प्रमाणात विषच असतं" असलं हुशारीचं उत्तर देऊ नका. मी ईसीजीची पट्टी दाखवली, सांगितलं की ठरल्या दिवशी हृदय तपासतो, पोटॅशियम-मॅग्नेशियम बघतो, गडबड दिसली की सलाईन बंद. त्यांना ते पटलं. दुसऱ्या आठवड्यात तिला ताप आला, धाप लागली, वजन वाढलं. हा या औषधांचाच एक धोका. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लगेच सुरू केलं आणि ते आवरलं. ॲट्रावर असलेल्या पेशंटचं वजन रोज करा, हे त्यासाठी.

ताप म्हटलं की आणखी एक. न्यूट्रोपेनियाच्या, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या पेशंटला 101 ताप आला तर कल्चर काढून तासाभरात पहिला अँटिबायोटिक गेला पाहिजे. सिनियरचा फोन लागत नसला तरी.

आणि कूलर! आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, नातेवाईक घरचा कूलर ट्रॅक्टरवर टाकून घेऊन येतात. वॉर्डात येऊ देऊ नका. ओल्या गवताची ती जाळी आणि तळाशी साचलेलं पाणी म्हणजे बुरशीचं माहेरघर, आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसाच्या फुप्फुसात बुरशी गेली की तुम्ही केमो जिंकून पेशंट हरता. त्यावरून माझी भांडणं झालीत, माणसं मला "खडूस मॅडम" म्हणायची. म्हणू द्या. संत्रा चालतो, सोलून, हात धुऊन. ठेचा-चटणी, कच्ची काकडी, गाडीवरचा उसाचा रस नाही.

मेमध्ये प्लेटलेटचीही बोंब असते. कॉलेजं बंद, पोरं गावी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. म्हणून एप्रिलमध्येच एसडीपीच्या (एकाच दात्याकडून मशीननं काढलेल्या प्लेटलेटच्या) दात्यांची यादी करा: शिरा चांगल्या असलेली, वजन नीट असलेली, जवळपास राहणारी मुलं. नात्यातल्यांवर विसंबू नका. आपल्याकडे कित्येकांचं हिमोग्लोबिनच भरत नाही. दात्याला आदल्या दिवसांत ॲस्पिरिन घेतली का विचारा, आणि जेवून ये म्हणून बजावून सांगा.

त्या मुलीचं पुढे सांगायचं तर महिन्याभरानं मॅरो स्वच्छ आला. ती चालत घरी गेली. पुढचे डोस सुरू असताना एक दिवस नवऱ्याचा आनंदानं फोन, "मॅडम, नाव चढून जाते! माहेरचं कटून आमच्या कार्डावर, या आठवड्यातच!" तोच अर्ज अखेर पुढे सरकला होता. मी म्हटलं, आधी थांबव. अर्ध्या उपचारात कुटुंब बदललं तर मंजुरी नव्यानं, क्वेरी नव्यानं. त्यानं अर्ज मागे घेतला. त्यासाठीही लेखी अर्ज लागला.

तिचे डोस पूर्ण झाले, जनुकाची तपासणी निगेटिव्ह आली. आता तिनं नाव हवं त्या घरात चढवावं.

एक राहिलंच. ज्यांना मुंबईला पाठवावं लागतं, त्यांचा रेल्वे सवलतीचा फॉर्म डिस्चार्जच्या दिवशीच भरून द्या. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. फॉर्मवर डॉक्टरची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का दोन्ही लागतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा पत्ताही त्याच कागदामागे लिहून द्या. शिक्का रात्री ऑफिसात बंद असतो, तेव्हा दुपारी चारच्या आत.