ऑटो कर्नर : गव्हर्नर, न्यायाधीश, कैदी

शिकागोत राहायला आलेल्या माणसाला इलिनॉय राज्याच्या तुरुंगवास भोगलेल्या गव्हर्नरांची कीर्ती फार लवकर कळते. गेल्या साठेक वर्षांतल्या अशा चौघांपैकी पहिले ऑटो कर्नर. आणि चौघांत मनाला चुटपुट लावतात तेही तेच.

घराणे वजनदार होते. वडील राज्याचे ॲटर्नी जनरल आणि पुढे केंद्रीय अपील न्यायालयाचे न्यायाधीश, तर सासरे अँटन सर्माक हे शिकागोचे महापौर. १९६१ मध्ये कर्नर गव्हर्नर झाले. १९६७ च्या शहरी दंगलींची कारणे शोधण्यासाठी अध्यक्ष जॉन्सन यांनी आयोग नेमला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले. हा देश एक काळा आणि एक गोरा अशा दोन विभक्त, विषम समाजांकडे चालला आहे, हा १९६८ मधील त्या अहवालाचा निष्कर्ष सत्ताधाऱ्यांना रुचला नाही, पण अमेरिकेतील वंशभेदाची चर्चा त्याच्या उल्लेखावाचून आजही पुरी होत नाही. त्याच वर्षी वडिलांच्याच न्यायालयात कर्नर न्यायाधीश म्हणून बसले.

घात केला तो मात्र गव्हर्नरपदाच्या काळातील एका व्यवहाराने. आर्लिंग्टन पार्क या रेसकोर्सच्या चालक मार्जोरी एव्हरेट यांच्याकडून त्यांनी शर्यतीच्या धंद्यातील शेअर नाममात्र भावाने घेतले आणि पुढे मोठ्या नफ्याने विकले. कोणत्या मैदानाला शर्यतींच्या कोणत्या तारखा मिळायच्या हे राज्याचे मंडळ ठरवत असे आणि चांगल्या तारखा म्हणजे पैसा, त्यामुळे सरकारी पक्षाने या स्वस्ताईला सरळ लाच म्हटले. शिकागोच्या न्यायाधीशाने आपल्या सहकाऱ्याचा खटला चालवणे बरे दिसले नसते, म्हणून टेनेसीहून न्यायाधीश आले. १९७३ मध्ये कर्नर दोषी ठरले आणि तीन वर्षांची शिक्षा झाली.

तरीही न्यायाधीशपद लगेच गेले नाही, कारण तेथील केंद्रीय न्यायाधीशाला महाभियोगानेच हटवता येते. अपील फेटाळले गेल्यावर, महाभियोगाची टांगती तलवार असताना, १९७४ च्या जुलैत त्यांनी स्वतःच राजीनामा दिला आणि ते तुरुंगात गेले. फुप्फुसाच्या कर्करोगामुळे १९७५ मध्ये त्यांची लवकर सुटका झाली; पुढच्याच वर्षी ते वारले.

खटला चालवणारे सरकारी वकील जेम्स थॉम्प्सन पुढे चौदा वर्षे गव्हर्नर होते. आणखी एक गव्हर्नर, जॉर्ज रायन, भ्रष्टाचाराच्या खटल्यात अडकले तेव्हा त्यांचा बचाव विनामूल्य केला तो याच थॉम्प्सन यांच्या वकिली फर्मने.