ऑपरेशन पाठीचं, मग आवाज का गेला?

इंदूरमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना सर्जन, सिस्टर, शिकायला आलेले तरुण डॉक्टर असे सगळेच मला एक प्रश्न विचारतात: भूल देताना श्वासनळीत घातलेल्या नळीच्या कफमध्ये (नळीभोवती फुगणाऱ्या पिशवीत) हवा किती आहे ते त्याला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा बोटांनी दाबला की कळते, मग तुम्ही दर वेळी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचा मीटर, कशाला जोडता? म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

बोटांनी कळत नाही. दाब आधी चिमटीने ओळखायचा आणि मग मीटर लावायचा, असे मी स्वतःवर अनेकदा करून पाहिले आहे. २५ सेंटिमीटर पाणी आणि ६० सेंटिमीटर पाणी (कफचा दाब याच एककात मोजतात) यांतला फरक माझ्या बोटांना सांगता आलेला नाही. हा फरक मात्र लहान नाही. सीगोबिन आणि व्हॅन हॅसेल्ट यांनी १९८४ साली दुर्बिणीतून पाहून दाखवले की कफचा दाब ३० च्या वर गेला की श्वासनळीच्या आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा कमी होऊ लागतो आणि ५० च्या आसपास तो जवळजवळ थांबतो. दाब २० च्या खाली गेला तर घशात साचलेला स्राव कफच्या कडेने फुप्फुसात उतरू शकतो. एवढ्या अरुंद पट्ट्यात राहायचे असेल तर अंदाजावर भिस्त ठेवता येत नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते, आणि तरीही पहिली कित्येक वर्षे मी चिमटीनेच काम भागवले. राजवाड्याजवळ राहणाऱ्या, घरी गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या एका बाईंच्या पाठीच्या मणक्याचे ऑपरेशन होते. त्यांना पालथे झोपवले होते आणि ऑपरेशन सहा तासांहून अधिक चालले. नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू तेव्हा आम्ही सर्रास वापरत असू. हा वायू कफच्या पातळ भिंतीतून आत शिरतो, पण आतला नायट्रोजन तितक्या वेगाने बाहेर पडत नाही, त्यामुळे सुरुवातीला योग्य असलेला दाब तासागणिक वाढत जातो. पालथे करताना मानही वळते आणि तिच्याबरोबर नळी हलते. मी सुरुवातीला एकदा फुगा दाबून पाहिला, नंतर हात लावला नाही. रक्तदाब, लघवीचे प्रमाण, रक्तस्राव या सर्व गोष्टींची मी नोंद ठेवली. कफच्या दाबाची एकही नोंद माझ्या कागदावर नव्हती.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा आवाज घोगरा होता. दोन-तीन दिवसांत उतरेल, असे मी सांगितले. आठव्या दिवशी पुण्याच्या मुलीला फोनवर आईचा आवाज ओळखू आला नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तपासले तेव्हा डावा स्वरतंतू हलत नव्हता. त्यांचे यजमान माझ्या खोलीत आले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन पाठीचं होतं, मग आवाज का गेला?" नळीमुळे कधीकधी असे होते, एवढेच मी बोललो. कफ स्वरतंतूंच्या अगदी खाली फुगला असेल तर तिथल्या मज्जातंतूच्या शाखेवर दाब येतो, हे मला माहीत होते; पण दाब किती होता, हे मला त्यांना सांगता येत नव्हते, कारण मी तो मोजलाच नव्हता.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी वाद घालतो. तो म्हणतो की नळी घालतानाही इजा झाली असेल, नळीचा आकार मोठा असेल, कफवर सगळे खापर फोडायला तुझ्याजवळ पुरावा काय? पुरावा नाही, हे मला मान्य आहे. परंतु पुरावा नसण्याचे कारणही मीच आहे, आणि या उत्तरावर तो गप्प बसतो असे नाही. बाईंचा आवाज चार महिन्यांनी बराचसा परतला. शिकवण्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या, मात्र संध्याकाळच्या दुसऱ्या तुकडीला त्यांनी नकार दिला.

म्हणून आता मी कफ फुगवल्यावर, रुग्णाची स्थिती बदलल्यावर आणि लांबणाऱ्या शस्त्रक्रियेत दर तासाला दाब मोजतो व लिहून ठेवतो. सर्जनना माझ्यामुळे खोळंबावे लागते असे कोणी म्हणते, तेव्हा मला राग येतो, कारण या मोजणीला मिनिटही लागत नाही. आणि तरीही मागच्याच आठवड्यात ज्या रुग्णाचा दाब पूर्ण वेळ २४ ते २६ राहिला, त्याला दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर पाणी गिळतानाही घसा दुखत असल्याचे त्याने सांगितले. मी त्याला कागदावरचे आकडे दाखवले. घसा कशाने दुखतो आहे, ते मला सांगता आले नाही.