आप्पांचा डावा हात

"ताई, आप्पा त्या दिवशी पंढरपूरला होते असं लिहा." पुतण्या हे सांगत होता तेव्हा आप्पा माझ्या वकिलीच्या ऑफिसातल्या बाकावर खाली मान घालून बसले होते. डावा हात प्लास्टरमध्ये.

2016 सालची गोष्ट. बांध कोरण्यावरून भांडण झालं आणि शेजारच्या शेतातल्या माणसाच्या डोक्यात कोयता बसला. कवटीला चीर. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम 326 लागलं, म्हणजे जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद, आणि गुन्हा अजामीनपात्र. आप्पा 17 दिवस आत काढून जामिनावर सुटले होते.

पुतण्याला मी बाहेर बसवलं. आप्पांना म्हटलं, "तुम्ही पंढरपूरला होतात, तर हा हात कुठं मोडला?"

बऱ्याच वेळाने ते बोलले. समोरचा कुदळीने बांध खणत होता. आप्पांनी अडवलं, तर त्याने कुदळीचा दांडा उगारला. पहिला फटका आप्पांनी डाव्या हातावर झेलला. दुसरा डोक्यात बसणार, तोच त्यांनी उजव्या हातातला कोयता चालवला. कडबा कापत होते, कोयता हातातच होता.

"तो पडल्यावर पुन्हा मारलंत?"

"नाही. कोयता टाकला आन् मीच वरडलो, पाणी आणा म्हणून."

हा प्रश्न मी प्रत्येक अशिलाला विचारते. शरीराच्या बचावाचा हक्क (तेव्हाची कलमं 96 ते 106, आता भारतीय न्याय संहितेत 34 ते 44) धोका असेपर्यंतच टिकतो. माणूस खाली पडल्यावर मारलेला दुसरा घाव बचावात बसत नाही. आणि "मी तिथे नव्हतोच" म्हणणाऱ्याने स्वतःला वाचवायला मारलं हे कोर्टाला पटवायचं कसं? आप्पांचा खरा बचाव त्या प्लास्टरमध्ये होता, आणि घरचे लोक नेमका तोच पुसायला निघाले होते. मला त्यांचा राग आला नाही. "होय, मी मारलं" हे भर कोर्टात म्हणायला छाती लागते.

अडचण कागदाची होती. अटकेच्या रात्रीच्या वैद्यकीय तपासणीत लिहिलं होतं, "ताज्या जखमा नाहीत." आप्पा शर्टाच्या बाहीत हात लपवून गप्प राहिले होते. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं तेव्हाही काही बोलले नाहीत. नशीब, की तुरुंगात दाखल करून घेताना तिथल्या डॉक्टरांनी सुजलेला हात पाहिला, नोंद केली आणि एक्स-रेला पाठवलं. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं. डोकं वाचवायला हात आडवा धरला की मोडतं ते हेच हाड.

म्हणून कळकळीने सांगते: घरातल्या कुणाला मारामारीत अटक झाली, तर पहिल्याच दिवशी त्याच्या अंगावरची प्रत्येक जखम डॉक्टरकडून लिहून घ्या आणि मॅजिस्ट्रेटला तोंडाने सांगा. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, मग उत्पन्न कितीही असो.

साक्षीपुरावा सुरू व्हायला 4 वर्षं गेली. फिर्यादीच्या वैद्यकीय दाखल्यावर घाव एकच होता. डॉक्टरांनी उलटतपासणीत मान्य केलं, की असं हाड दांड्याचा फटका अडवताना मोडू शकतं. मग तपासी अंमलदार आले.

"आरोपीचा हात कशाने मोडला, याचा तपास केलात?"

"नाही."

लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार राज्य या 1976 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की त्याच घटनेत आरोपीला झालेल्या जखमांचा सरकार पक्षाने खुलासा न करणं ही महत्त्वाची बाब आहे. खरचटण्याला हे लागू पडत नाही. मोडलेल्या हाडाला पडतं. शिवाय बचाव शंकेपलीकडे सिद्ध करायचं ओझं आरोपीवर नसतं, तो संभवनीय वाटला तरी पुरतो.

आप्पा निर्दोष सुटले. पुतण्या पेढे आणायला धावला. आप्पा कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले, डावं मनगट चोळत. ते आता पुरतं वळत नाही.

"ताई, त्याचं डोकं अजून दुखतं म्हणत्यात. खरं का?"

साक्षीत त्याने तसं सांगितलं होतं. मी "हो" म्हटलं.