चार्जर जप्त केला आणि ट्रूमन शिकवला

इथे न्यू जर्सीत बारावीच्या पोरांना गव्हर्नमेंट शिकवते मी. आपण शाळेत नागरिकशास्त्र कसं केलं आठवतंय ना, इतिहासाच्या शेपटाला बांधलेलं, रात्री घोकायचं आणि सकाळी पेपरात ओकायचं. म्हणून "राष्ट्राध्यक्षांचे अधिकार लिहा" असला प्रश्न काढायचाच नाही हे मी ठरवून टाकलंय.

परवा वर्गात गेले आणि एका पोराचा चार्जर सरळ काढून माझ्या लॅपटॉपला लावला. म्हटलं इमर्जन्सी आहे, बॅटरी 4 टक्के, लेक्चर बंद पडलं तर सगळ्यांचंच नुकसान. पोरगं आधी हसलं, मग म्हणालं, पण मिस, तुम्हाला असं करता येतं हे लिहिलंय कुठे?

बास, हेच हवं होतं! मग 1952 काढलं. कोरियाचं युद्ध चालू, स्टील कामगार संपाच्या तयारीत, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन, त्याने 8 एप्रिलला ऑर्डर काढून देशातले बहुतेक स्टील कारखाने ताब्यात घेतले, कंपन्या कोर्टात गेल्या आणि 2 जूनला सुप्रीम कोर्टाने 6 विरुद्ध 3 ने सांगितलं की हे चालणार नाही. हा अधिकार ना संविधानात, ना काँग्रेसने (इथली संसद हो, आपली काँग्रेस नव्हे) दिलेला, उलट 1947 च्या कामगार कायद्याच्या वेळी हा पर्याय समोर होता तो तिने घेतला नाही.

पोरांचं लगेच, जज विरोधी पक्षाने नेमलेले असणार. अरे नऊच्या नऊ ट्रूमनने नाहीतर त्याच्याच पक्षाच्या, त्याच्या आधीच्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने नेमलेले! आणि रॉबर्ट जॅक्सन तर भारीच, 1941 मध्ये रूझवेल्टचा अटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य वकील असताना सरकारने विमानाचा कारखाना ताब्यात घेतला तेव्हा त्याचं समर्थन यानेच केलेलं, आणि आता जज म्हणून ट्रूमनच्या विरोधात. काँग्रेस सोबत असेल तर राष्ट्राध्यक्षाची ताकद सगळ्यात जास्त, ती गप्प असेल तर धूसर, तिच्या मर्जीविरुद्ध गेलात तर सगळ्यात कमी, ही मांडणी त्याचीच.

फळ्यावर तीन चौकोन काढले आणि विचारलं, चार्जर कुठल्यात? एकीने शाळेचं नियमांचं पुस्तक उघडलं. फोन काढून घेता येतो असं आहे, चार्जरबद्दल काहीच नाही. म्हणजे दुसरा चौकोन, मी म्हटलं. ती म्हणे छे, फोनचं लिहिताना चार्जर आठवला नसेल होय, मुद्दामच दिला नाही, तिसरा! तिचा मुद्दा मला अजून पटलेला नाही, पण खोडताही आला नाही.

बेल झाली तरी निकाल लागेना. शेवटी त्या पोराने मुकाट्याने स्वतःच चार्जर काढून नेला, बॅटरी 38 वर होती.