चाकं विसरतात तरी कशी?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी वैमानिकांना शिकवतो हे कळलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही हा प्रश्न येतोच: "उतरताना चाकं खाली घ्यायला विसरतात म्हणजे काय हो? झोपलेले असतात का?"

झोपलेले नसतात. उलट त्या वेळी ते नको तितके कामात असतात. बातमी आली की लोक 'निष्काळजीपणा' म्हणून मोकळे होतात आणि खरं कारण शोधायचं राहून जातं, याचा मला मनापासून त्रास होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना उघडायच्या झडपा, मिटवायला जायचे आणि चाकंच मिटवायचे. विमान पोटावर बसायचं. १९४३ च्या सुमारास अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने ते कॉकपिट नीट पाहिलं. दोन्ही खटके शेजारी शेजारी, हाताला अगदी सारखे. त्याने गिअरच्या, म्हणजे चाकांच्या, खटक्यावर छोटं रबरी चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्यावर पाचर. आजही गिअर लिव्हरचं टोक चाकासारखं गोल असतं. न बघताही बोटांना कळतं.

पण चाकं खाली घ्यायचीच राहून जातात, ते वेगळं. गिअर घ्यायची एक ठरलेली वेळ असते. नेमकं तेव्हाच टॉवर विचारतं, "पुढचं विमान दिसतंय का?" लिव्हरकडे निघालेला हात थांबतो, नजर बाहेर जाते. उत्तर देऊन झाल्यावर मन पुढच्या कामाला लागतं. मधलं काम झालंच आहे, असं ते धरून चालतं. मग भोंगा वाजतो. इंजिनाची ताकद कमी केली आणि चाकं वर असली की तो वाजतोच. पण चाकं खाली आहेत हे ज्याच्या मनात पक्कं बसलंय, त्याच्या कानावर आवाज पडतो, अर्थ पोचत नाही.

ह्यूस्टन, १९ फेब्रुवारी १९९६. कॉन्टिनेंटल या अमेरिकी विमान कंपनीचं डीसी-९ विमान. चेकलिस्टमधली, म्हणजे ओळीने वाचत करायच्या कामांच्या यादीतली, एक ओळ सुटली: फ्लॅप आणि चाकं हलवणारे हायड्रॉलिक पंप जास्त दाबावर ठेवायची. त्यामुळे फ्लॅपही उघडेनात, चाकंही उतरेनात. भोंगा वाजत होता, वेग भलताच जास्त होता. पुन्हा वर जायचं का, असं फर्स्ट ऑफिसरने विचारलं. कॅप्टन नको म्हणाला. विमान पोटावर घसरत गेलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

कराचीत तसं झालं नाही. २२ मे २०२०, ईदच्या तोंडावर लाहोरहून आलेलं पीआयए या पाकिस्तानी विमान कंपनीचं एअरबस ए-३२०. विमान फार उंचावर होतं, म्हणून वेग मोडायला चाकं लवकरच खाली घेतली होती. धावपट्टी पाच सागरी मैलांवर असताना ती परत वर गेली. वैमानिक कोरोनाबद्दल बोलत होते, असं नंतर मंत्र्यांनी संसदेत सांगितलं. इशारे एकामागून एक वाजत राहिले. दोन्ही इंजिनं धावपट्टीवर घासली, ठिणग्या उडाल्या, विमान पुन्हा वर गेलं, आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडून ते वस्तीवर कोसळलं. विमानातल्या ९९ पैकी ९७ जण गेले. या अपघाताचा चौकशी अहवाल मी प्रत्येक तुकडीला वाचायला लावतो.

विसर उलट्या बाजूनेही पडतो. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाची चाकं उड्डाणानंतर मिटवलीच नाहीत, अशी बातमी होती. विमान वर चढेना, वेग धरेना, इंधन भराभर संपू लागलं. शेवटी नागपूरला उतरावं लागलं.

मुलांना मी हेच घोटून घ्यायला लावतो: चेकलिस्ट वाचताना मध्ये कुणी बोललं, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. सुटलेल्या ओळीपासून नाही. "गिअर डाउन, थ्री ग्रीन" म्हणताना चाकं खाली असल्याचं सांगणाऱ्या तिन्ही हिरव्या दिव्यांकडे बोट दाखवायचं, आणि धावपट्टी अगदी समोर आली की परत एकदा. जरा जरी शंका आली तरी सरळ वर जायचं. वर गेल्याबद्दल मी आजवर कुणालाही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

तुमचं विमान कधी उतरता उतरता पुन्हा वर गेलं, तर उशीर होतोय म्हणून कॅप्टनवर चिडू नका. त्या क्षणी तो कुठल्या तरी भोंग्याचं ऐकत असेल.