बनवलेली फाईल गेली कुठे?

नेटवर्क साफ बंद पडलं असेल तर शोधायला सोपं जातं. ब्रिज, राउट, फायरवॉल यांपैकी कुठेतरी काहीतरी तुटलेलं असतं आणि आपण पोहोचेपर्यंत ते तसंच राहतं. डोकं खातो तो अधूनमधून चालणारा प्रकार. त्या दिवशीची तक्रार नेमकी त्या जातीची होती. नवी उबुंटू व्हीएम (खऱ्या मशीनवर चालणारी आभासी मशीन), पिंग, म्हणजे ‘आहेस का’ एवढीच विचारणा, चालतं, पण पॅकेजं उतरवायला घेतली की मध्येच सगळं थिजतं, मग आपोआप पुढे सरकतं, आणि कधी ‘कनेक्शन रीसेट’ म्हणून संपतं. तक्रार घेऊन आलेली सहकारी टीममध्ये नवीन होती. म्हणाली, “सर, मी बघत बसले की चालतं. चहा घ्यायला उठले की बंद पडतं.”

हसून सोडून द्यावं असं वाक्य, पण त्यात तथ्य होतं. ते मला बरंच नंतर कळलं.

मांडणी साधी होती. एक केव्हीएम होस्ट, म्हणजे व्हीएम चालवणारी खरी मशीन, त्यावर ब्रिज, म्हणजे आभासी स्विच, ब्रिजला लटकलेल्या व्हीएम. आमचे डेस्कटॉपही त्याच नेटवर्कवर. गेटवे, म्हणजे बाहेर जायची वाट, एक लिनक्स मशीन, आणि आयपी पत्ते वाटायचं काम (डीएचसीपी) त्याच्यावरच्याच डीएनएसमॅस्क या प्रोग्रामकडे. नवी व्हीएम हवी असली की तयार टेम्प्लेटचा, म्हणजे नमुना व्हीएमचा, क्लोन (हुबेहूब नक्कल) काढायचा, सुरू करायचा, आणि होस्टनेम वगैरे सोपस्कार सवडीने करायचे.

मी खालून वर जातो. लिंक अप होती, एररचे काउंटर शून्यावर. डीएचसीपीकडून १९२.१६८.५०.५७ हा पत्ता मिळालेला, डिफॉल्ट राउट बरोबर. नावं सोडवली जात होती, म्हणजे जात होती तेव्हा जात होती. गेटवेला पिंग लावून ठेवलं आणि गप्प बसून पाहिलं. काही वेळ प्रत्येक पॅकेटचं उत्तर वेळेत. मग सलग काही सेकंद एकही नाही. मग पुन्हा सगळं सुरळीत. हा नमुना महत्त्वाचा, कारण केबल खराब असो, ड्रायव्हर बिघडलेला असो किंवा लाईनवर गर्दी असो, पॅकेटं विखुरलेली गळतात, एखादं इथे, दोन तिथे. इथे मधल्या फटींना धड कडा होत्या. कुणीतरी मुद्दाम दार लावतंय आणि उघडतंय असं वाटावं.

बाजूच्या खुर्चीवरून एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा, संशय आला. अर्धवट चालणाऱ्या नेटवर्कवर एमटीयूचं नाव कुणीतरी घेतंच, आणि घ्यावंही. पण तो पडताळायला मिनिटही लागत नाही. तुकडे करायचे नाहीत अशी सूचना देऊन १४७२ बाइटचं पिंग पाठवायचं. त्यात हेडरचे, आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २०, मिळवले की १५०० भरतात, म्हणजे नेहमीची कमाल. एमटीयूचा घोळ असेल तर मोठं पॅकेट नेहमी अडतं आणि लहान नेहमी जातं. इथे दार उघडं असताना १४७२ बाइटवालंही जात होतं, आणि बंद असताना ५६ बाइटवालंही अडत होतं. संशय मिटला. दुसरा सल्ला आला, रीस्टार्ट करून पाहा. तो मी ऐकला नाही. रीस्टार्टने तक्रार काही वेळ मिटते, पण पुरावाही पुसला जातो आणि चार दिवसांनी तेच भूत परत येऊन बसतं.

एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायची सोय, सारखं थिजत होतं, म्हणून होस्टवरून व्हीएमचा कन्सोल, म्हणजे तिचा थेट पडदा, उघडला. तो नेटवर्कवर अवलंबून नसतो, त्यामुळे अशा वेळी तोच खरा साक्षीदार. त्यावर येणारीजाणारी पॅकेटं टिपणारा टीसीपीडम्प लावून काही मिनिटांची पॅकेटं एका फाईलमध्ये भरली आणि निवांत वाचायला ती आपल्या डेस्कटॉपवर घ्यावी म्हणून एसएसएच केलं. लॉगिन झालं. तोच प्रॉम्प्ट, तोच युजर, तेच होम फोल्डर. पण फाईल नाही.

कन्सोलवर पाहिलं, फाईल आहे. एसएसएचमध्ये पाहिलं, नाही. डिस्कच रीड-ओन्ली झाली की काय, ओव्हरलेचा काही प्रकार आहे की काय, अशा दोन-तीन चुकार शंका येऊन गेल्या. मग दोन्हीकडे अपटाइम विचारला. कन्सोलवरची मशीन तासाभरापूर्वी सुरू झालेली होती. एसएसएचमधली सहा दिवस चालू होती.

दोन्हीकडे नेटवर्क कार्ड पाहिलं. एमएसी पत्त्याचा, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकाचा, पुढचा भाग ५२:५४:०० असा दोन्हीकडे सारखा, तो केव्हीएमच्या व्हीएमना सहसा असतोच. शेवटचे तीन बाइट वेगळे. आयपी पत्ता मात्र दोन्हीकडे तोच, ५७.

इथे मला जे खटकलं ते सांगायलाच हवं. एकाच पत्त्यावर दुसरीच मशीन उत्तर देऊ लागली तर एसएसएच गप्प बसत नाही. होस्ट की, म्हणजे मशीनची ओळख पटवणारी की, बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं, असं मोठ्या अक्षरांत ओरडून ते जोडणीच नाकारतं. मला एका अक्षराची ताकीद मिळाली नव्हती. कारण दोन्ही मशीन एकाच टेम्प्लेटचे क्लोन, आणि टेम्प्लेटच्या डिस्कवर होस्ट की आधीच तयार होऊन पडलेली. डिस्कबरोबर तीही जशीच्या तशी उतरली. म्हणजे वेगळी मशीन ओळखण्यासाठी असलेली एकुलती एक व्यवस्था दोघींना एकच समजत होती. होस्टनेम कुणीच बदललेलं नव्हतं, त्यामुळे डोळ्यांनाही फरक कळायला वाव नव्हता.

आता टीसीपीडम्पची फाईल वाचायला मजा आली. या व्हीएमकडे अशा जोडण्यांची उत्तरं येत होती ज्या तिने कधी मागितल्याच नव्हत्या. समोरून सिन-अ‍ॅक (जोडणीला होकार) यायचा, ही म्हणायची मला काही ठाऊक नाही, आणि रीसेट पाठवून मोकळी व्हायची. तिकडे जिने खरोखर ती जोडणी मागितली होती, तिचा बिचारीचा बळी जायचा. उलट दिशेनेही तेच. ‘कनेक्शन रीसेट’चं कोडं सुटलं. सर्व्हर रीसेट करत नव्हता. बहीण बहिणीचं कापत होती.

दार उघडबंद का होत होतं, याचं उत्तर गेटवेच्या एआरपी तक्त्यात होतं. ५७ म्हणजे कोणता एमएसी, हे गेटवे एका ओळीत लक्षात ठेवतो, आणि त्या पत्त्यावरून शेवटची विचारणा ज्याने केली त्याचं नाव तिथे लिहितो. खातरजमा करायची सोय एआरपीत नाहीच. हा प्रोटोकॉल १९८२ सालचा आहे आणि तो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवतो. एका व्हीएमला उत्तरं येईनाशी झाली की तिचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) पाच सेकंद वाट पाहतो आणि मग थेट गेटवेला एआरपी विचारणा पाठवतो, तू आहेस ना? गेटवे उत्तर देतो आणि जाता जाता तक्त्यात तिचा एमएसी लिहून ठेवतो. तिचं नेटवर्क सुरू, दुसरीचं बंद. मग दुसरी पाच सेकंद थांबते आणि हेच करते. दोघा भावांत एकच धड शर्ट असावा आणि जो घालेल त्यानेच बाहेर पडावं, तसा कारभार. सहा दिवसांच्या मशीनवर मॉनिटरिंगचा एजंट चालू होता. तो दर काही सेकंदांनी आकडे पाठवायचा, म्हणून ती शर्ट सोडायला तयार नव्हती. आणि आमची सहकारी टर्मिनलसमोर बसून सारखं काहीतरी चालवत असे, तोवर तिची व्हीएमही पुन्हा पुन्हा तक्त्यावर नाव चढवत असे. उठून गेली की एजंट जिंकायचा. चहाची तक्रार अक्षरशः खरी होती.

पण एमएसी वेगळे असताना डीएचसीपीने दोघींना एकच पत्ता दिलाच कसा? बहुतेकांची समजूत असते, आणि माझ्या आजूबाजूच्या सगळ्यांची होती, की डीएचसीपी एमएसी पाहून पत्ता देतो. ते पूर्ण खरं नाही. डीएचसीपीचं १९९७ सालचं मानक म्हणतं की क्लायंटने स्वतःची ओळख पाठवली असेल तर ती धरायची, नसेल तरच एमएसीकडे पाहायचं. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारा सिस्टिमडी-नेटवर्कडी ही ओळख पाठवतो, आणि ती बनवतो ईटीसी फोल्डरमधल्या मशीन-आयडी नावाच्या फाईलवरून. डीएनएसमॅस्कची लीजची, म्हणजे वाटलेल्या पत्त्यांची, फाईल उघडली. तिथे ५७ साठी एकच ओळ होती. ओळीच्या शेवटी ती लांबलचक ओळख, तिच्यात आधी कार्डाची खूण आणि पुढे सिस्टिमडीचा नोंदणीकृत क्रमांक, ४३७९३. कार्डखूणही कार्डाच्या नावावरून बनते, आणि क्लोनमध्ये ते नावही सारखंच. मशीन-आयडी दोन्हीकडे ताडून पाहिली. बत्तीसच्या बत्तीस अक्षरं सारखी.

म्हणजे डीएनएसमॅस्कच्या नजरेत एकच मशीन होती, जिने कार्ड बदललं होतं. नवा पत्ता देताना तो आधी पिंग करून कुणी तिथे आहे का बघतो, पण जुन्या गिऱ्हाइकाला जुनाच पत्ता परत देताना तपासण्याचं कारण काय? क्लायंटनेही तपासलं नाही. मिळालेला पत्ता आधीच वापरात आहे का, हे बघायची सोय सिस्टिमडी-नेटवर्कडीत आहे, पण ती मुळात बंद असते. प्रत्येक जण आपापल्या नियमाने बरोबर वागला होता.

या रचनेला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ती चूक वाटत नाही. ओळख मशीनची असावी, कार्डाची नव्हे, हा विचार २००६ साली मानकात आला आणि तो रास्त आहे. कार्ड जळालं, बदललं, तरी मशीन तीच राहते. चूक आहे ती डिस्कची नक्कल काढून तिला नवी मशीन म्हणण्यात. व्हीएमचा क्लोन काढणारं साधन नवा एमएसी आणि नवा यूयूआयडी (व्हीएमचा वेगळा ओळख क्रमांक) देतं, पण डिस्कच्या आत हात घालत नाही. आमचा टेम्प्लेट कुणीतरी एकदा सुरू करून, अपडेट करून मग गोठवला होता. त्या एका सुरुवातीतच आयडी आणि की दोन्ही जन्मल्या. इतके दिवस त्रास झाला नाही, कारण त्यातून निघालेले सगळे सर्व्हर होते आणि त्यांचे पत्ते हाताने दिलेले. डीएचसीपीवर दोन क्लोन एकाच वेळी चालू राहण्याची ही पहिलीच वेळ. दुसरा क्लोन होता रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा, चाचणीसाठी काढलेला आणि चालूच राहिलेला.

दुरुस्तीतही एक खाच निघाली. मशीन-आयडीची फाईल रिकामी करून रीबूट करायचं, नवी आपोआप बनते, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तसं केलं, आणि जुनीच आयडी परत आली. सिस्टिमडी नवी बनवण्याआधी डी-बस या दुसऱ्या सेवेकडे एखादी आयडी आहे का ते बघतो, असेल तर तीच उचलतो. साधारणपणे डी-बसची फाईल ही मूळ फाईलची लिंकच असते. आमच्या टेम्प्लेटमध्ये ती वेगळी, जुनी प्रत होती. ती काढून लिंक केली, पुन्हा रिकामी केली, रीबूट केलं. या खेपेला आलेली आयडी ओळखीची वाटली. होस्टकडे व्हीएमचा यूयूआयडी विचारला तर तोच, मधल्या रेघा काढून. केव्हीएमखाली सिस्टिमडी तोच घेतो, आणि तो प्रत्येक क्लोनला वेगळा असतो. गेटवेच्या फाईलमध्ये आता दोन ओळी, दोन पत्ते. सहकारीने अपडेट लावलं आणि मुद्दाम उठून गेली. परत आली तोवर ते पूर्ण झालं होतं.

टेम्प्लेट मी व्हर्ट-सिसप्रेपमधून काढला. मशीन-आयडी, होस्ट की, जुने लॉग सगळं ते साफ करतं. इथे बहुतेकांच्या लेखी काम संपलं होतं. माझ्या लेखी मोठं काम पुढेच होतं. त्या टेम्प्लेटमधून निघालेल्या एकूण एक सर्व्हरवर एकच खाजगी होस्ट की होती. एखाद्या फालतू चाचणी मशीनवर रूट, म्हणजे पूर्ण ताबा, मिळवणारा माणूस त्या कीच्या जोरावर कोणताही सर्व्हर असल्याचं सोंग आणू शकला असता, आणि एसएसएचने त्याला ओळखीचा सर्व्हर म्हणून मानलं असतं. नेटवर्कचा त्रास दिसत होता म्हणून त्याच्यामागे माणसं लागली. हा धोका दिसत नव्हता.

सगळ्या सर्व्हरच्या की बदलायला हव्यात, हे टीम लीडना पटवायला थोडा वेळ लागला. “चालतंय ना, मग सगळ्यांना ती ताकीद दाखवून घाबरवायचं कशाला?” असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांच्याच डेस्कटॉपवरून दोन वेगवेगळ्या सर्व्हरच्या होस्ट कीचे ठसे (फिंगरप्रिंट) काढून शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा परवानगी मिळाली. प्रत्येक सर्व्हरच्या कन्सोलवर बसून नव्या की बनवल्या, नव्या ठशांची यादी आधी सगळ्यांना पाठवली.

यादी कुणी वाचत नाही हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बहुतेकांनी ताकीद दिसताच जुनी नोंद पुसली आणि न बघता ‘येस’ टाइप केलं. रजेवरून परतलेल्या त्या सहकाऱ्याचा मात्र फोन आला. “माझ्या मशीनला काय केलंय कुणी? एसएसएच आत घेत नाहीये.” मी यादी उघड म्हटलं, तर म्हणाला मेलवरची यादी कुणीही बनवेल, तू कन्सोल उघड आणि वाचून दाखव. मी कन्सोल उघडला आणि ठसा एकेक अक्षर करून वाचत गेलो. तो मध्येच म्हणाला, थांब, मागचं अक्षर परत सांग.