गळणारा डोंगल

आर्णीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेतले तीन जुने कॉम्प्युटर मी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून चालू करून दिले होते. तिन्हींना वाय-फाय डोंगल एकाच मॉडेलचे. दोन लगेच नेटला लागले. तिसरा जोडला जायचा आणि मिनिटभरात गळायचा. यूएसबीला काय काय लागलंय ते दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ कमांड मारली तेव्हा कळलं, दोघांत एआर९२७१ चिप आहे, तिसऱ्यात आरटीएल८१८८ईयू. वर नाव तेच, आवृत्तीचा आकडा तेवढा वेगळा.

या तिसऱ्या चिपच्या ड्रायव्हरवर, म्हणजे ती लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करणाऱ्या बंगळुरूच्या एका डेव्हलपरला मशीनच्या नोंदी, म्हणजे लॉग, पाठवले. त्याचं उत्तर आलं, ‘ही आवृत्ती माझ्याकडे नाही, एखादी मिळेल का?’ हे लोक बहुतेक आपल्या फावल्या वेळात खपतात, आणि चिपची कागदपत्रं सहसा कुणी देत नाही. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा जो ड्रायव्हर २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आला, तोही लोकांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून लिहिलेला. वस्तू हातात नसेल तर असं काम होणार कसं?

मुख्याध्यापक मॅडम डोंगल द्यायला तयार होत्या. पण तो डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेला. निर्लेखन होऊन वहीतून नाव कमी झाल्याशिवाय शाळेबाहेर जाणार नाही. मग मी माझ्या दुकानातलं भंगाराचं पोतं उलटं केलं.

साठ-सत्तर डोंगल निघाले. दुपारी लाइन गेली, तर लॅपटॉपच्या बॅटरीवर एकेक लावून आयडी वहीत उतरवत बसलो. हाताखालचा पोरगा म्हणाला, “भाऊ, सारे तं एकसारखेच दिसून राह्यले.” शाळेतल्या त्या डोंगलशी आयडी जुळणारे तीन सापडले. एकाचं वाय-फाय मेलेलं, दुसरा गुमान चालणारा. तिसरा शाळेत नेऊन त्याच मशीनला लावला आणि घड्याळाकडे पाहत थांबलो. मिनिटभरात गळाला. पोरानं टाळीच वाजवली! वस्तू बिघडली म्हणून एवढा आनंद मला या धंद्यात कधी झाला नव्हता.

खोक्यात चिठ्ठी टाकली: आवृत्ती, कर्नल कोणता, किती वेळानं गळतो. चालणाराही सोबत ठेवला, म्हणजे त्या डेव्हलपरला दोन्ही ताडून पाहता येतील.

पोस्टात काकांनी विचारलं, “नवा हाय का?”

“नाही काका, बिघडलेला हाय. पण जपून जाऊ द्या.”